काटकसरीचा सायलेन्सर

इंधनाचा भाव चढला म्हणजे मोटारीच्या मालकास गाडी कमी हाकण्याची बुद्धी क्वचितच होते. गाडीत काहीतरी नवे बसवावे ही मात्र हटकून होते. ही प्रवृत्ती जगात कोठे पूर्णत्वास पोचली असेल, तर ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, आणि तेथेही विशेषेकरून पिकअप ट्रकच्या मालकांमध्ये. इंजिनात हवा नेणारी वाट आणि जळलेला वायू बाहेर नेणारी वाट, या दोन्ही वाटा कारखान्याने दिल्या त्याहून रुंद व निर्वेध करून द्यावयाच्या आणि त्यायोगे दर गॅलनमागे मैल वाढतील अशी ग्राहकाची खात्री पटवावयाची, हा व्यापार त्या मुलखात गेली पन्नासएक वर्षे तेजीत चालला आहे. शर्यतीच्या हौसेपोटी जन्मास आलेली एक कारागिरी टंचाईच्या दिवसांत काटकसरीच्या नावाने कशी विकली गेली, आणि पुढे सरकारी प्रयोगशाळेने तिचा काय निवाडा केला, याची ही हकिकत आहे.

पिकअपचा जन्म मुळात काटकसरीच्या घरातलाच. शेतकरी आपल्या मोटारीचा मागचा भाग कापून तेथे लाकडी पेटी ठोकत असत, हे पाहून हेन्री फोर्डच्या कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी आपल्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीवर पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरला विक्रीस काढली. इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे, पण धान्याची पोती, दुधाचे डबे आणि प्रसंगी वासरू वाहून नेण्यास ते पुरेसे होते. ज्यांस ते पुरेसे वाटत नसे, त्यांच्यासाठी त्याच सुमारास एक निराळाच बाजार उभा राहिला होता. ज्यांचे नाव फोर्डच्या प्रतिस्पर्धी मोटारींवर झळकत होते, त्याच शेव्रोले बंधूंनी फोर्डच्या इंजिनावर बसणारी 'फ्रॉन्टेनॅक' नावाची डोकी घडवून विकण्यास आरंभ केला. मूळ डोके उतरवून हे चढवले, की इंजिनात हवा अधिक जाई, धूर लवकर सुटे आणि गाडी वेगाने धावे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनाचे नाक व तोंड मोकळे करण्याचा धंदा म्हणजे मोटारीइतकाच जुना धंदा होय.

या धंद्यास खरा बहर आला तो १९३२ नंतर. त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसास परवडेल असे आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आणले. त्याच्या रचनेत एक वैगुण्य होते, आणि ते वैगुण्यच पुढे अनेकांच्या उपजीविकेचे साधन झाले. त्या इंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत बसवल्या होत्या, आणि जळलेला वायू मात्र बाहेरच्या अंगास सोडावयाचा होता. सबब तो तापलेला वायू सिलिंडरांच्या मधून, भोवतालचे पाणी उकळवीत, ठोकळ्याच्या आरपार काढावा लागे, आणि त्यातही मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच दार होते. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मुलांनी हे इंजिन हाती घेतले. मोहावी वाळवंटातील म्युरॉक नावाच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ही मुले आठवड्याच्या सुटीत आपापल्या गाड्या घेऊन जात, आणि कोणाची गाडी ताशी किती मैल जाते याची घड्याळावर नोंद करीत. १९३७ मध्ये त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन नियमबद्ध संस्थाच स्थापन केली. याच वर्तुळातील व्हिक एडलब्रॉक या कारागिराने एका कार्ब्युरेटरऐवजी दोन बसतील असे इनटेक मॅनिफोल्ड स्वतःच्या गाडीसाठी ओतून घेतले. लोकांनी ते विकत मागितले आणि त्यातून एक नामांकित कारखाना उभा राहिला.

धुराच्या बाजूस जी सुधारणा झाली तिला तेथील लोक 'हेडर' म्हणतात. कारखान्याच्या ओतीव बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये सर्व सिलिंडरांचा वायू एका आखूड बोळात एकदम घुसतो व परस्परांची वाट अडवतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र आणि शक्य तेथे समान लांबीची नळी देऊन त्या सर्व नळ्या पुढे एका गळ्यात जुळवलेल्या असतात. एका सिलिंडराचा वायू वेगाने निघून गेला, की त्याच्या मागे क्षणभर दाब उतरतो आणि तो उतरलेला दाब पुढच्या सिलिंडरातील वायूस ओढून घेतो. नळीची लांबी व रुंदी नेमकी साधली, तर ही ओढ इंजिनाच्या विशिष्ट वेगावर फार उपकारक ठरते. आणि तो वेग शर्यतीतला, म्हणजे मिनिटाला बऱ्याच फेऱ्यांचा असतो. बाजारात जाऊन भाजी आणण्याच्या वेगावर तिचा फारसा उपयोग नाही, ही बाब त्या वाळवंटातील मुलांना पुरती ठाऊक होती. पेट्रोल वाचवण्याची भाषा त्यांपैकी कोणी केल्याचे दिसत नाही. पेट्रोल स्वस्त होते आणि तरुणपणही.

काटकसरीची भाषा आली ती युद्धाबरोबर. जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला, आणि टायर झिजू नयेत म्हणून, मुख्यतः त्याच हेतूने, १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. खासगी मोटारीच्या काचेवर 'ए' अक्षराची चिठ्ठी असे आणि तिच्यावर आठवड्यास आरंभी चार व नंतर तीन गॅलन मिळत. वेगाची कमाल मर्यादा ताशी ३५ मैल ठरवून दिली होती. अशा टंचाईत चमत्काराच्या कथांना ऊत येतो. कॅनडातील विनिपेग येथील चार्ल्स पोग याने १९३० च्या दशकात अशा एका कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले होते, की जो पेट्रोलची संपूर्ण वाफ करून मगच इंजिनास देई, आणि एका गॅलनला २०० मैल मिळतात असा त्याच्या नावाने बोलबाला झाला. निष्पक्ष परीक्षेत ती करामत कधीच सिद्ध झाली नाही. परंतु तेल कंपन्यांनी ती विकत घेऊन दडपली, ही वदंता मात्र पुढच्या प्रत्येक टंचाईत नव्या जोमाने उठत राहिली. काटकसरीच्या यंत्रांचा जो बाजार पुढे भरला, त्याचे भांडवल ही वदंताच होती.

या सर्व प्रकरणातील ग्यानबाची मेख समजून घेण्यासाठी इंजिनाच्या आत थोडे डोकावले पाहिजे. पेट्रोल नीट जळण्यास वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे अकरा किलो, आकारमानाने जवळजवळ नऊ हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटातून जाते. इतकी हवा ओढावयाची तर वाट मोकळी हवी, हे कोणासही पटेल. आणि पूर्ण शक्ती मागताना ते सर्वस्वी खरेही आहे. परंतु पेट्रोल इंजिनात गाडीची गती राखली जाते ती हवेची वाट मुद्दाम अडवूनच. कार्ब्युरेटरच्या गळ्यात थ्रॉटलची जी गोल चकती असते, ती सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने चालताना बरीचशी मिटलेली असते, आणि हवेस होणारा सर्वांत मोठा अडथळा तिचाच असतो. मग तिच्या अलीकडचा एअर फिल्टर कितीही मोकळा केला, तरी चालक तोच वेग राखण्यासाठी चकती तितकीच आणखी मिटून घेतो आणि एकूण अडथळा होता तेथेच येतो. महालाचा दिंडीदरवाजा रुंद केला आणि आतील चौकीवरचा शिपाई मात्र एकावेळी एकच माणूस सोडतो, असा हा प्रकार आहे. मोकळ्या श्वासाचा लाभ चालकाने पाय दाबला तरच मिळतो, आणि पाय दाबला की पेट्रोल जळते. उच्छ्वासाच्या बाजूने थोडी बचत संभवते, कारण जळका वायू ढकलून देण्याचे श्रम खरोखरच कमी होतात. पण मंद चालीत तो वायूच थोडा असल्याने ही बचतही थोडीच असते.

युद्धानंतर हा धंदा छंदाच्या मर्यादा ओलांडून उद्योग झाला. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' हे मासिक निघाले. काचतंतू भरलेले, सरळ नळीचे आणि दमदार आवाजाचे सायलेन्सर गावोगावी मिळू लागले. १९६३ मध्ये या मालाच्या उत्पादकांनी आपला संघ स्थापला. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे केन जॉन्सन व नॉर्म मॅक्डोनाल्ड यांनी आपल्या नावांच्या आद्याक्षरांनी 'के अँड एन' फिल्टर काढला. कागदाऐवजी सुती जाळीच्या घड्या, त्यांवर तेलाचा हात. मळला की साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळवावा, पुन्हा तेल लावावे आणि जन्मभर वापरावा, अशी त्याची योजना. धुळीच्या रानातून मोटरसायकली पळवणाऱ्यांसाठी निघालेला हा माल पुढे पिकअपच्या बोनेटखाली ठाण मांडून बसला.

याच सुमारास सरकारचे लक्ष धुराकडे वळले. लॉस एंजलिसच्या आकाशातील धुरकट आवरण मोटारींमुळे येते हे सिद्ध झाल्यावर कॅलिफोर्नियाने प्रथम, आणि १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने सर्व देशाने, मोटारींच्या उत्सर्जनावर बंधने घातली. त्यामुळे एक मौजेची विसंगती उत्पन्न झाली. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कारखानदारांनी एअर फिल्टरच्या नाकाडात एक पाखे बसवले, जे इंजिन थंड असता एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची तापलेली हवा आत घेई. गरम हवा विरळ असते, ती घेताना थ्रॉटल अधिक उघडावा लागतो आणि हवा ओढण्याचे श्रम घटतात. म्हणजे मंद चालीत काटकसरीच्या दृष्टीने ती सोयीचीच. आणि ग्राहक पदरचे पैसे मोजून काय बसवून घेत होता, तर बाहेरची थंड हवा आणणारी नळी! थंड हवा दाट असल्याने जोर वाढतो हे खरे, पण तो जोर फुकटचा नव्हे.

१९७५ च्या मोटारींवर धुरातील विष शमवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलची सक्ती आली. परंतु ६,००० पौंडांहून अधिक एकूण भारक्षमतेच्या ट्रकांस या कलमातून मुभा होती. फोर्डने त्याच वर्षी 'एफ-१५०' नावाचा पिकअप काढून त्याची भारक्षमता नेमकी त्या रेषेच्या वर नेऊन ठेवली. कायद्याच्या फटीतून निघालेला हा ट्रक ज्या मालिकेतला, ती मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपाची ट्रकमालिका ठरली. ती फटही १९७९ मध्ये, मर्यादा ८,५०० पौंडांवर नेऊन, बुजवण्यात आली.

मधल्या काळात तेलाचे संकट कोसळले होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेला, पंपांवर रांगा लागल्या आणि जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालणारा कायदा झाला. जो माल काल ताकदीसाठी विकला जात होता, त्याच मालाच्या जाहिरातींत आता मैलांचे आकडे आले. हेडर, रुंद नळी, मोकळा सायलेन्सर, उघडा फिल्टर यांच्या जोडीला आणखी नवी पिलावळ निघाली: कार्ब्युरेटरखाली बसवून हवेस भोवरा देणारी पाती, मॅनिफोल्डमध्ये चोरवाटेने जादा हवा सोडणाऱ्या झडपा, पेट्रोलच्या नळीभोवती आवळावयाचे चुंबक. भोळ्या ग्राहकांची फसवणूक इतकी माजली, की डिसेंबर १९७५ च्या ऊर्जा धोरण कायद्यात एक स्वतंत्र कलम घालून अशा साधनांची परीक्षा करण्याचे काम केंद्रीय पर्यावरण संरक्षण खात्याकडे सोपवण्यात आले.

ही परीक्षा मिशिगनमधील ॲन आर्बर येथील प्रयोगशाळेत होई. गाडी फिरत्या रुळांवर उभी करावयाची, ठरीव तक्त्याप्रमाणे थांबत व धावत चालवावयाची, तिच्या शेपटातून निघालेला वायू पिशव्यांत भरून घ्यावयाचा आणि त्यातील कर्बाच्या वजनावरून किती पेट्रोल जळले त्याचा हिशेब काढावयाचा. मग तेच साधन बसवून तीच परीक्षा पुन्हा घ्यावयाची. रस्त्यावर वारा, चढ, थंडी आणि मुख्य म्हणजे चालकाची श्रद्धा हिशेबात शिरते. येथे त्यांपैकी कशासही प्रवेश नव्हता. शंभराहून अधिक साधने अशी तपासली गेली. बहुतेकांचा परिणाम शून्य निघाला, मोजक्या काहींनी किंचित बचत केली आणि त्यांपैकीही काहींनी ती धूर वाढवून केली. तरी ग्राहकास बचत दिसते, कारण नवे साधन बसवलेला माणूस काही आठवडे जपून चालवतो, मैल मोजतो, चाकांत हवा भरून घेतो. त्याच्या हाती लागलेली बचत खोटी नसते, फक्त तिचे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होते.

बचत खरी मानली तरी व्यवहार काय सांगतो तेही पाहावे. दर गॅलनला १५ मैल देणारा पिकअप वर्षाकाठी १२,००० मैल चालला, तर त्यास ८०० गॅलन लागतील. नव्या नळ्यांनी तीन टक्के बचत झाली असे उदारपणे धरले, तर वाचले २४ गॅलन. गॅलनचा भाव सव्वा डॉलर धरता वर्षाचे ३० डॉलर. नळ्या, सायलेन्सर व मजुरी मिळून चारशे डॉलर खर्चले असतील, तर ते वसूल होण्यास तेरा वर्षांहून अधिक मुदत लागेल, आणि तोवर त्या नळ्या गंजून गेलेल्या असतील.

१९८० च्या दशकात पिकअपमध्ये कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले, आणि बचतीच्या या दाव्यांचा उरलासुरला आधारही गेला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरमुळे मिश्रण दाट होऊन पेट्रोल खरोखर वाया जात असे. नव्या इंजिनात धुराच्या नळीतला प्राणवायू मोजणारा संवेदक क्षणोक्षणी हिशेब देतो आणि संगणक हवेच्या मानाने पेट्रोल सोडतो. २००९ मध्ये ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या चालवल्या, तेव्हा इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा खर्च वाढला नाही. गाडी वेग घेण्यास मात्र मंद झाली. मळका फिल्टरच जेथे पेट्रोल खात नाही, तेथे स्वच्छ फिल्टर काढून त्याहून मोकळा बसवणाऱ्याने कशाची आशा धरावी?

डिझेलची गोष्ट निराळी, आणि न्यायासाठी ती सांगितली पाहिजे. डिझेल इंजिनात वेग राखण्यासाठी हवा अडवण्याची रीतच मुळात नाही. तेथे डिझेलच कमीअधिक करतात. १९८९ साली डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये ५.९ लिटरचे, टर्बो बसवलेले कमिन्स इंजिन घातले, तेव्हापासून घोड्यांचे किंवा गुरांचे जड ट्रेलर ओढणाऱ्यांचा तो लाडका ट्रक झाला. भार घेऊन घाट चढणाऱ्या अशा इंजिनास मोकळी हवा व टर्बोमागची रुंद नळी दिली, तर धुराचे तापमान उतरते, इंजिनाचे आयुष्य वाढते आणि थोडी बचतही पदरात पडते. पण याच दाराने अनाचारही शिरला. २००७ पासून डिझेल पिकअपवर काजळी धरणारे फिल्टर आले, तेव्हा ते मायलेज खातात या सबबीवर कापून टाकण्याचा आणि संगणकाचा कार्यक्रम बदलून देण्याचा धंदा बेकायदा असूनही बोकाळला. एका दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूरनियंत्रक यंत्रे अशी काढली गेली, असा अंदाज त्याच पर्यावरण खात्याने २०२० मध्ये नमूद केला. एकाच्या टाकीत वाचलेल्या डिझेलचा दंड गावाच्या फुप्फुसांनी भरावा, या व्यवहारास काटकसर म्हणता येत नाही.

खरी बचत अखेर कारखान्यातूनच आली, आणि ती आली त्या अडवणाऱ्या चकतीचा विचार केल्यामुळे. जनरल मोटर्सने २००७ च्या पिकअपमध्ये हलक्या चालीत आठांपैकी चार सिलिंडर निजवून ठेवण्याची सोय केली, जेणेकरून उरलेल्या चारांना चकती अधिक उघडून काम करावे लागेल. फोर्डने २०११ मध्ये आठ सिलिंडरांच्या जोडीला टर्बो लावलेले लहान सहा सिलिंडरांचे इंजिन दिले आणि २०१५ मध्ये ॲल्युमिनियमची काया देऊन ट्रकाचे वजन सुमारे ७०० पौंडांनी उतरवले. यांपैकी कोणतीही गोष्ट शनिवारी दुपारी पाना घेऊन घरच्या अंगणात बसवता येण्यासारखी नाही.

आपल्याकडे पिकअप हे बहुशः पोटापाण्याचे वाहन आहे, हौसेचे नव्हे. बाजार समितीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या चालकाचा पहिला प्रश्न गाडी किती ॲव्हरेज देते हाच असतो, आणि ते वाढवून देतो म्हणणारे गॅरेजवालेही त्यास पावलोपावली भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेत परस्पर फेरफार करण्यास मनाई केली आहे, ही पहिली गोष्ट त्याने ध्यानी धरावी. दुसरी गोष्ट अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सांगितली आहे: महामार्गावर आततायीपणे चालवण्याने मायलेज १५ ते ३० टक्क्यांनी घटते. इतकी बचत करून देणारा सायलेन्सर अद्याप कोणी घडवलेला नाही. तेव्हा चाकांत हवा पुरी ठेवावी, फिल्टर वेळेवर बदलावा, हौद्यात नको ते ओझे वागवू नये आणि पाय हलका ठेवावा. कायद्याची मुभा असेल तेथे ज्यास दमदार आवाज हवा असेल, त्याने तो आवाजासाठी म्हणून खुशाल विकत घ्यावा. काटकसरीच्या खात्यावर मात्र त्याचा खर्च मांडू नये.